पॅकिंग खोलीतला माझा आवाज

या सदरात येणारे गूढ अनुभव मी आजवर वाचत नसे. माझी काकू वाचते आणि जेवताना आम्हाला सांगते. काका हसतात, मी मान खाली घालून जेवते. काकूला राग येतो – "तुला कशाचंच काही वाटत नाही." वाटत नाही असं नाही. पण एखादी गोष्ट ऐकून अंगावर काटा येणं वेगळं आणि ती खरी मानणं वेगळं, असं मला वाटत असे. अजूनही बरंचसं तसंच वाटतं. फक्त एका शनिवारी दुपारी जे घडलं, ते कुठल्या बाजूला ठेवायचं ते मला कळत नाही... आणि ते एकटीने मनात ठेवून मी थकले आहे. कारखान्याचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहिते.

माझा जन्म नैरोबीचा. वडील तिथे रेल्वेत. शाळा पूर्ण इंग्रजी, घरात मात्र आईच्या हट्टाने मराठी. माझी शेवटची परीक्षा झाली तेव्हा तिकडे दिवस बरे नव्हते, संध्याकाळी कोणी घराबाहेर पडत नसे. वडिलांनी ठरवलं की मी वर्षभर चिंचवडला काकांकडे राहावं आणि 'आपल्या देशात' काहीतरी सेवा करावी. मला आपला देश म्हणून जिथे पाठवलं, तो माझ्या दृष्टीने परदेशच होता. इथे मला रस्त्याने चालतानासुद्धा अवघडल्यासारखं व्हायचं. बायका थांबून माझी चप्पल बघत.

काकूच्या महिला मंडळाने मला काम शोधून दिलं. चिंचवड स्टेशनापासून वीस मिनिटांच्या वाटेवर औषधांचा एक लहान खाजगी कारखाना होता. तिथे बाटल्या भरणाऱ्या, बुचं मारणाऱ्या आणि लेबलं चिकटवणाऱ्या बायकांना इंग्रजी अक्षरं शिकवायची. सकाळची पाळी तीनला सुटे. साडेतीन ते पाच माझा वर्ग, पॅकिंग खोलीतच. वर पत्रा, मागे बुचांची पोती, समोर एक फळा. पाच बायका. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की फळ्याकडेच तोंड करून बोलले. हौसाबाई म्हणून नगरकडची एक वयस्क बाई होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बाई परदेसातनं आल्यात, आन् लाजायचं आमी का त्यांनी?"

मला शिकवण्याची एकच पद्धत माहीत होती, माझ्या शाळेतली. मी वाक्य म्हणायचं, वर्गाने मागून म्हणायचं. 'शेक वेल बिफोर यूज.' – 'शेक वेल बिफोर यूज.' दीड तास हेच. काही आठवड्यांत असं झालं की मी श्वास घेतला तरी त्या तोंड उघडत.

हे सगळं कशासाठी, तेही सांगायला हवं. पूर्वी लेबलं रंगीत येत. खोकल्याच्या औषधाला लाल, अंगाला चोळायच्या औषधाला हिरवं, असं. बायका रंगावर काम करत, अक्षरांशी त्यांचा संबंध नव्हता. मग पुण्याच्या छापखान्याने रंगीत छपाई बंद केली आणि सगळी लेबलं पांढऱ्यावर काळी यायला लागली. एकदा चोळायच्या औषधाच्या बाटल्यांवर खोकल्याची लेबलं लागली. खोका बाहेर जायच्या आत कारखान्याचे केमिस्ट कारखानीस यांच्या लक्षात आलं म्हणून बरं. ते औषध पोटात गेलं तर माणूस वाचत नाही. त्यांनी नियम केला – मे महिन्यात वाचनाची परीक्षा. जिला वाचता येईल ती कायम, जिला येणार नाही तिने दुसरं काम बघावं. मला तो नियम कठोर वाटला नाही. आजही वाटत नाही.

त्या पाचजणींत अनसूया होती. सगळ्या तिला अनसा म्हणत. चाकणच्या पुढच्या एका गावची, वय पंचविशीच्या आतलं. नवरा तापाने गेलेला. सहा वर्षांची मुलगी, चंपा, गावाकडे दिराजवळ. कायम झालेल्या बाईला कारखान्याच्या चाळीत खोली मिळे. दिराने सांगून ठेवलं होतं की बिऱ्हाड दाखव आणि पोर घेऊन जा. मृगाच्या आत नेली नाही, तर तो तिला जुन्नरकडे आपल्या बहिणीच्या घरी गुरांमागे धाडणार होता. अनसाने हे मला रडून सांगितलं नाही. फळा पुसता पुसता सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

वर्गात सगळ्यांत हुशार तीच. एकदा ऐकलं की पाठ. उच्चार तर असे की मला माझ्या धाकट्या बहिणीची आठवण यायची. मी काकूला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी मी तिच्या हातात एक लेबल दिलं. तिने ते घडाघडा वाचलं. मी दुसरं देणार, तेवढ्यात माझं लक्ष गेलं – लेबल तिच्या हातात उलटं होतं.

मी रोज लेबलं त्याच क्रमाने देत असे. तिने क्रम पाठ केला होता. इतर चौघी हळूहळू का होईना वाचत होत्या. अनसाला एक अक्षर येत नव्हतं. मी बाकीच्यांना जाऊ दिलं आणि तिला थांबवून विचारलं. तिने लेबल परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "अक्षर बघितलं की माज्या डोक्यात कायबी येत न्हाई, बाई. तुमी म्हनला की येतं."

चूक माझ्या शिकवण्याचीही होती. ती मी तिला सांगितली नाही, स्वतःलाही नीट सांगितली नाही. त्या दिवसापासून पाचनंतर अर्धा तास फक्त तिच्यासाठी थांबायला लागले. वैशाखातला पत्रा, दिवसभराची उष्णता वरून खाली उतरत असे. मी ए म्हणून दाखवायची, ती म्हणायची. ए पुसून परत काढला की ती माझ्या तोंडाकडे बघायची. रोज. घरी पोचल्यावर काकू ताट वाढून बसलेली असे आणि माझ्या हातातून घास वर जात नसे.

परीक्षेच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, माझा आवाज गेला.

बसला नाही – गेला. तोंड उघडलं की नुसता वारा. चिंचवड गावातल्या डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा पाहिला आणि आठ दिवस कुजबुजायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं. सोमवार, मंगळवार मी घरीच पडून होते. काकू दोन्ही दिवस माझ्या उशाशी होती, हे मुद्दाम लिहिते.

बुधवारी पाटी घेऊन वर्गावर गेले. बोलता नाही आलं तरी छडीने अक्षरं दाखवता येतील म्हणून. मी खोलीत शिरले तशी हौसाबाई म्हणाली, "घसा बसलाय तर सकाळच्या येता कशापायी? निजून राहावं की."

मी मान हलवली. मी आले नव्हते.

"काल आला व्हता न्हवं? मागं, पोत्यांपाशी. शेक वेल म्हनला, आमी म्हटलं."

मी इतरांकडे पाहिलं. दोघींनी मान डोलावली. अनसा खाली बघत होती. मला पाहिलं का, हे मी खुणेनेच विचारलं. कोणीच पाहिलं नव्हतं. बाटल्या भरताना मान वळवायची नाही, असा त्या खोलीचा दंडकच आहे. नजर हलली की धार बाहेर जाते. मागून आवाज आला, त्यांनी हात न थांबवता म्हटलं, झालं. त्यांना त्यात विशेष काहीच वाटलं नव्हतं. मलाही नाही. सहा महिने तेच तेच ऐकलं की कानात घुमणारच. खरं तर मला थोडं बरंच वाटलं. मी नसतानाही त्या पाठ म्हणत होत्या.

शनिवारी दुपारी साडेतीनला परीक्षा. कारखानीसांनी टेबल मांडलं होतं. मी वर्गात असले की बायकांना धीर येईल म्हणून त्यांनी मला थांबायला सांगितलं. मी मागे बुचांच्या पोत्यांपाशी स्टुलावर बसले. गळ्याला हळदीचा लेप, त्यावर लोकरीची पट्टी – मे महिन्यात. कारखानीस मला बघून म्हणाले, "आज तुम्हाला सुट्टीच आहे म्हणायची." ते विनोद करणारे गृहस्थ नव्हते, तो त्यांनी माझ्यासाठी केला.

मग त्यांनी एक तपकिरी पुडकं पुढे ओढलं आणि आमच्यासमोर दोरा कापला. नवी लेबलं, त्याच सकाळी पुण्याहून आलेली. त्यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं. ते मुद्दाम नवी वापरत होते, म्हणजे पाठ केलेलं चालणार नाही. अनसाने मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत पुढे बघितलं.

हौसाबाई पहिली. एका शब्दावर अडली तेव्हा म्हणाली, "सायेब, ह्यो शब्द माज्या सासूसारखा हाय. संपतच न्हाई." पण संपवला. उरलेल्या तिघीही कशाबशा झाल्या. मग अनसा.

तिने लेबल दोन्ही हातांत धरलं. माझ्याकडे तिची पाठ होती आणि लेबल तिच्या पुढ्यात, म्हणजे ते मला दिसणं शक्यच नव्हतं. बराच वेळ काही नाही. पत्रा तापून तडतडत होता. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मी देवाला काही मागितलं नाही. मनात एवढंच होतं की हे एकदाचं संपू दे.

तेव्हा कोणीतरी बोललं.

"आय लोशन."

एका मुलीचा आवाज. जरा घाईचा, दमलेला, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा. मला तो ओळखू आला नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, ही कोण बाई बोलते आहे म्हणून. मागोमाग अनसा म्हणाली, "आय लोशन."

"नॉट टु बी टेकन."

"नॉट टु बी टेकन."

कारखानीसांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेवरून मला कळलं, की तो आवाज माझा आहे.

ते म्हणाले, "मागून सांगणं चालणार नाही." आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरला होता. मी उभी राहिले. तोंड उघडलं. वाराच आला. मी पट्टी सोडून गळा दाखवला, पाटीवर लिहिलं की मी बोललेले नाही, मला बोलता येत नाही. ते म्हणाले, "मी ऐकलं. या सगळ्यांनी ऐकलं." हौसाबाईने मान हलवली – होकारार्थी. तिने खरंच ऐकलं होतं.

त्यांनी मला बाहेर, गेटपाशी जाऊन बसायला सांगितलं.

पॅकिंग खोलीपासून गेट लांब आहे. मध्ये बॉयलरची शेड. कडुनिंबाखाली पहारेकऱ्याचं बाकडं आहे, तिथे बसले. पहारेकरी दिघीचे, पलटणीतून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ. मी बसले आणि एकाएकी इतकी थकले की मान धरवेना. वर्ग संपल्यावर येतो तसा थकवा, पण पाच-सहा दिवसांचा एकदम. घसा आगीसारखा जळायला लागला. मी खुणेने पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला. मी तो रिकामा करून आणखी एक मागितला.

थोड्या वेळाने कारखानीस चालत आले. एकटेच. माझ्यापासून चार पावलांवर थांबले आणि पहारेकऱ्याला विचारलं, बाई किती वेळ इथे आहेत.

"आल्यापासनं हितंच हायेत की. दोन तांबे पानी पिल्या. का ओ सायेब?"

कारखानीसांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला बाहेर पाठवल्यावर तिला लेबल दिलं नाही. मी स्वतः पेन्सिलीने एक ओळ लिहिली, माझ्या मनातली. दार लावून घेतलं होतं. तिने वाचली." चष्मा परत लावून, "म्हणजे... आधी तुम्ही वाचली. मला वाटलं तुम्ही खिडकीशी येऊन उभ्या आहात. म्हणून बघायला आलो."

मी पाटी उचलली, आणि तशीच मांडीवर ठेवली.

"यादीत तिचं नाव घालतो," ते म्हणाले. "तिला वाचता येतं का, असा प्रश्न होता. खोलीत वाचलं गेलं. यापुढचं मला समजत नाही, आणि आपण यावर बोलू नये हे बरं."

आम्ही कधीच बोललो नाही. त्यांनी काय ओळ लिहिली होती, तेही मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी माझा आवाज परत आला. काकूला चहा मागताना मी दचकले, कारण आता तो मला ओळखू येत होता. शनिवारी ऐकला तोच. घाईचा, दमलेला.

मी अनसाला एकटीला गाठलं. तिने जे सांगितलं ते एवढंच, की आवाज उजव्या कानाशी आला आणि ती वर्गात म्हणते तशी मागून म्हणाली. घाबरली नाहीस का, विचारलं. "तुमीच व्हता की," ती म्हणाली. "तुमाला कशाला भ्यायचं?" मग मी पॅकिंग खोलीतून घेतलेलं आय लोशनचं तेच लेबल पिशवीतून काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते हातात फिरवलं, आणि मान हलवली. एक अक्षरही नाही.

पुढचं लिहायला मला अवघड जातं. अनसा कायम झाली, खोली मिळाली. दीर शब्दाला जागला, मृगाच्या आत चंपाला एसटीने घेऊन आला. डोक्याला भरपूर तेल, हातात पोळीचं गाठोडं. ती आईला बिलगली नाही; आधी खोलीचा कोपरान् कोपरा बघून आली, आणि मग बिलगली. मी हे दारातून पाहिलं. आणि त्याच बाईच्या हाताखालून दुसऱ्या दिवशी विषाच्या आणि खोकल्याच्या बाटल्या जाणार होत्या. तिला एकीतलं आणि दुसरीतलं कळत नव्हतं, हे जगात तिच्याशिवाय फक्त मला ठाऊक होतं.

कारखानीसांना सांगणं माझं कर्तव्य होतं. मी सांगितलं नाही. हौसाबाईला सांगितलं. तिने मूठभर बुचं पोत्यात टाकली आणि म्हणाली, "मंग बुचं ती मारंल. लेबलं मी लावते. इचारलं तर म्हनायचं, म्हातारीला बुचं मारून हात दुखत्यात." ते तसंच चाललं. नैरोबीला परत जायचं माझं जूनमधलं बोटीचं तिकीट होतं. मी वडिलांना लिहिलं की अजून काम शिल्लक आहे. त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं मला देश आवडायला लागला.

मग रोज पाचनंतर अर्धा तास. या वेळी मी मागून म्हणायला लावलं नाही. बोलायचंच नाही असं ठरवलं. वाळूच्या ताटात तिचं बोट धरून अक्षर काढायचं, गप्प राहायचं. ती चिडायची. एकदा म्हणाली, "बोला की, बाई. मुक्यानं कसं शिकायचं?" मी बोलले नाही. चंपा बाजूला बसून तिच्याआधी शिकली, आणि तेही अनसाला लागायचं.

हे सगळं कसं झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या सगळ्यांनी मिळून माझी थट्टा केली म्हणावं, तर कारखानीस त्यात बसत नाहीत. त्यांनी दयेपोटी खोटं सांगितलं म्हणावं, तर मीही स्वतःच्या कानांनी ऐकलं. मला नकळत मी बोलले म्हणावं, तर जे लेबल मी पाहिलंच नव्हतं ते कसं बोलले? आणि गेटवरून? आवाज माझा होता, पण वाचणारी मी नव्हते. मग वाचलं कोणी? काकूला कळलं तर म्हणेल, तुझी तळमळ. मला तळमळ आठवत नाही. त्या दिवसांचा मला फक्त थकवा आठवतो. माझ्याकडे उत्तर नाही, आणि वाचकांपैकी कोणी पाठवलं तरी ते मला पटेल असं वाटत नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी अनसासमोर एक लेबल ठेवलं, क्रम सोडून. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने बोट टेकवलं. पहिला शब्द यायला मिनिटभर लागलं, दुसरा त्याहून जास्त. मी माझ्या नकळत मागच्या पोत्यांकडे कान देऊन बसले होते. तिकडून काही आलं नाही. तिसऱ्या शब्दावर ती अडली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ मिटून घेतले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

बऱ्याच वेळाने तिने तो वाचला. चुकीच्या उच्चाराने, घोगऱ्या, तिच्या स्वतःच्या आवाजात.